ज्याचे पैसे, त्याची चाल

मास्तरांनी आपला बँड समोरून कधीच ऐकला नव्हता.

ऐकायला विचित्र वाटेल, पण ज्याच्या तोंडात क्लॅरिनेट आहे त्याला ऐकणाऱ्यांच्या रांगेत कसं उभं राहता येणार? शिवाय क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला आपला सूर कानांनी कमी आणि दातांनी जास्त ऐकू येतो. मास्तरांच्या उजव्या कानाशी ट्रम्पेट असायचं, पाठीत मोठा ढोल बसायचा, आणि ट्रॉम्बोन इतका मागे असायचा की तो आज आला आहे की घरीच राहिला आहे, हे त्यांना काम संपल्यावर कळायचं.

बँड लहान होता. कुणीच त्यावर पोट भरत नव्हतं. ट्रम्पेटवाला दिवसभर लोकांच्या दाढ्या करायचा. ट्रॉम्बोनवाला मोटार चालवायला शिकवायचा, आणि दिवसभर शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून बसल्यामुळे संध्याकाळी अगदी अबोल असायचा. मोठा ढोल इस्त्रीवाल्याकडे होता. तोच बँडचा खजिनदार आणि मास्तरांचा उजवा हात. बाकीचे असेच इकडचे तिकडचे, एका गॅरेजच्या वरच्या खोलीत मंगळवारी जमायचे. खाली मोटारींच्या तेलाचा वास आणि वर पितळ पुसायच्या पावडरचा. मास्तर स्वतः पूर्वी कापडाच्या गोदामात मापं घ्यायचे. निवृत्त झाल्यावर लोक त्यांना फक्त मास्तर म्हणून ओळखू लागले, आणि त्यांनाही तेच हवं होतं.

खोलीच्या भिंतीवर मास्तरांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: ‘ज्याचे पैसे, त्याची चाल.’

ही नुसती पाटी नव्हती, मास्तरांचा धर्म होता. कामावर गेलं की ते आधी विचारत, “बँडचे पैसे कोणी दिलेत?” मग त्या माणसाला नीट पाहून ठेवत, आणि त्यानंतर नवरदेव येवो नाहीतर नगराध्यक्ष येवो, मास्तर त्याच एका तोंडाकडे बघून वाजवत. हा नियम त्यांनी अनुभवाने केला होता. बँडवाला दिसला की ज्याला त्याला कंठ फुटतो. मामा म्हणतो हे वाजवा, मावशी म्हणते ते नको, आणि मधल्या मधे बँडवाल्याचं मरण. नियम आल्यापासून भांडणं मिटली. निदान बँडची मिटली, त्यांची त्यांच्यात चालूच राहिली.

एकदा एका अंत्ययात्रेत मयताच्या बायकोने नाचायचं गाणं मागितलं. “यांना तेवढंच येत होतं, तेच वाजवा,” ती म्हणाली. मयताचा भाऊ संतापला. मास्तरांनी टोपी काढून त्याला फार अदबीने विचारलं, “साहेब, पैसे आपण दिलेत का?” साहेबांनी दिले नव्हते. मयत नाचायच्या गाण्यावर गेला. दुसऱ्या एका ठिकाणी दोघा भावांनी अर्धे अर्धे पैसे दिले होते आणि दोघांच्या आवडी दोन टोकांच्या. मास्तरांनी एक ओळ याची, एक ओळ त्याची, असं सगळ्या रस्त्याने वाजवत नेलं. मागे चालणाऱ्यांची पावलं अशी पडत होती की वरातीला आहेत की कवायतीला, त्यांचं त्यांनाच समजेना. मास्तरांना मात्र त्यात काही चूक दिसली नाही. हिशोब चोख होता.

अशा माणसाकडे स्वतःची एक चाल होती, हीच गंमत.

ती त्यांनी पुष्कळ वर्षांपूर्वी, एका गिऱ्हाइकाची वाट बघत पायरीवर बसले असताना बांधली होती. गिऱ्हाईक आलंच नाही, चाल मात्र झाली. फार संथ होती. तिच्यावर नाचता येत नव्हतं, चालता येत नव्हतं, टाळी द्यायची म्हटली तर ती कुठे द्यावी हे कळत नव्हतं. साहजिकच कुणी पैसे देऊन मागितली नाही, आणि नियम म्हणजे नियम, न मागता मास्तरांनी ती बाहेर कधी वाजवली नाही. मंगळवारी सराव संपला की शेवटी एकदा तेवढी व्हायची. बँडवाले तिला ‘मास्तरांची झोप’ म्हणत. तोंडावर म्हणत, कारण मास्तर रागवायचे नाहीत. त्यांच्या दिवंगत बायकोने ती ऐकून एवढंच म्हटलं होतं, “चांगली आहे, पण संपत नाही हो लवकर.”

मास्तरांना मनातून एकच हवं होतं. ती चाल एकदा उघड्यावर, भर रस्त्यात वाजावी आणि आपण समोर उभं राहून ऐकावी. हातात काही नाही, तोंडात काही नाही, चार लोकांसारखं लोकांत उभं राहून. त्याला उपाय एकच होता, गिऱ्हाईक होणं. पण बँड बोलवावा असं काही त्यांच्या घरी घडायला हवं ना? लेकीचं लग्न झालं ते कचेरीत, दोन सह्या आणि चार साक्षीदार.

मग लेकीने चष्म्याचं दुकान काढायचं ठरवलं.

बातमी कळली त्या संध्याकाळी मास्तरांनी बूट पुसायला घेतले ते तासभर पुसतच बसले. दुकानाचं उद्घाटन, दारात रिबीन, रस्त्यावर बँड, आणि पैसे देणारे आपण. दुसऱ्या दिवशी ते टोपी घालून लेकीच्या सासरी गेले. तिथे बघतात तर व्याही आधीच बोलत होते.

“बँडचं माझ्याकडे लागलं,” व्याही म्हणाले. “सूनबाई, तू त्यात पडू नकोस. पैसे मी देणार.”

व्याह्यांचं कुलपांचं दुकान होतं. गडी मोठा दिलदार, पण आवाज असा की कुजबुजले तरी शेजारी ‘ओ’ द्यायचे. त्यांच्या तरुणपणी एक टाळ्या वाजवायला लावणारं धिंगाण्याचं गाणं फार चाललं होतं. ते कुठेही ऐकू आलं की त्यांचे पाय आपोआप उचलले जायचे, मग ते बँकेत असोत की दंतवैद्याकडे.

“व्याहीबुवा, तुम्ही कशाला उगाच खर्चात पडता?” मास्तर म्हणाले. “बँड माझा आहे.”

“म्हणूनच. तुमचा बँड आणि तुम्हीच पैसे द्यायचे? म्हणजे या खिशातून त्या खिशात. त्याला काय अर्थ आहे?”

विहीणबाई चहा गाळत होत्या. त्यांनी शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं आणि आता शिकवायला घरात फक्त नवरा उरला होता. त्या म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या त्या पाटीचं मला कौतुक वाटतं. इंग्रजीत अगदी तीच म्हण आहे. ही हू पेज द पायपर, कॉल्स द ट्यून. पावा वाजवणाऱ्याला जो पैसे देतो, तोच चाल सांगतो.”

“काय सांगता?” मास्तर खुर्चीत पुढे सरकले. “साहेबांचं पण तेच?”

“तेच. पूर्वी तिकडे जत्रेत, लग्नात, खाणावळीत भाड्याने पावेवाला आणायचे. ज्याने नाणं टाकलं तो म्हणेल ते वाजायचं. आता अर्थ पसरला आहे. एखाद्या संस्थेला कोणी मोठी देणगी दिली आणि मग तिथला शिपाईसुद्धा तोच ठरवायला लागला, की इंग्रज ही म्हण वापरतो.”

“आपल्याकडे म्हणतातच की,” लेक म्हणाली. “ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी.”

“जवळची आहे, पण उलट्या बाजूने,” विहीणबाईंनी शाळेतल्यासारखं बोट वर केलं. “आपली म्हण टाळी वाजवणाऱ्याला उपदेश करते. त्यांची म्हण पैसे देणाऱ्याला हक्क देते. आणि खरं सांगायचं तर हा हक्क मागाहून चिकटलेला दिसतो. त्याच्या आधीचं जुनं बोलणं निराळं होतं. नाचायचं असेल तर वाजवणाऱ्याचे पैसे भरा, एवढंच. मजा केलीत ना, मग आता खिशात हात घाला.”

मास्तर हरखून गेले होते. आपण गॅरेजवरच्या खोलीत, ब्रश हातात घेऊन जे लिहिलं ते साता समुद्रापलीकडे लोक म्हणतात. “म्हणजे हा जगाचाच नियम झाला की,” ते म्हणाले. “पैसे देईल त्याची चाल. त्यात दुसरा बोलूच शकत नाही.”

“झालं तर मग,” व्याही म्हणाले. “पैसे मी देणार, गाणं माझं वाजणार. खुद्द मास्तरांनीच निकाल दिला.”

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. लेकीने बापाकडे पाहिलं. गॅरेजवरच्या खोलीत मंगळवारची ती चाल ऐकत ती लहानाची मोठी झाली होती, त्यामुळे तिला काय ते कळलं असावं. पण एका बाजूला बाप आणि दुसऱ्या बाजूला सासरा असला की शहाणी मुलगी बिस्किटांची बशी पुढे करते. तिने ती केली.

तिथून निघाले ते मास्तर तडक इस्त्रीच्या दुकानात गेले. इस्त्रीवाला शर्टाच्या कॉलरवर पाणी मारत होता. त्याच्या चष्म्याची एक काडी तुटून गेली होती आणि तिच्या जागी त्याने दोरा बांधून कानाला अडकवला होता.

“पैसे घे,” मास्तर म्हणाले आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

“कसले?”

“माझ्या लेकीच्या दुकानाचं उद्घाटन आहे. बँड ठरवायला आलोय.”

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. “मास्तर, ताप आहे का अंगात? तुमच्या लेकीच्या कामाचे पैसे घेऊ आम्ही? ती खोलीत रांगायची तेव्हा माझ्या ढोलावर झोपवायचो तिला. उचला ते पाकीट.”

“अरे, मी मास्तर म्हणून नाही आलो. गिऱ्हाईक म्हणून आलोय.”

“गिऱ्हाईक म्हणून आला असाल तर काल टाकलेली पँट घेऊन जा. बँडचे पैसे मी घेत नाही.”

मास्तरांनी विनवण्या केल्या, मग आवाज चढवला, मग ट्रम्पेटवाल्या न्हाव्याकडे जाऊन तक्रार केली. न्हाव्याच्या हातात वस्तरा होता, त्यामुळे तिथे फार वाद घालता आला नाही. ट्रॉम्बोनवाल्याने नुसती मान हलवली. सगळ्यांचं एकच म्हणणं, मास्तरांच्या घरच्या कामाला पैसे घेतले तर तोंड कुठे लपवायचं? मास्तरांना हसावं की रडावं ते कळेना. माणसं इतकी चांगली असावीत म्हणून त्यांनीच जन्मभर खटपट केली होती.

एका गोष्टीचा तेवढा दिलासा होता. संध्याकाळी व्याहीही पैसे घेऊन इस्त्रीवाल्याकडे गेले होते, आणि तसेच परत आले होते.

उद्घाटनाच्या सकाळी रस्ता झाडून काढलेला होता. दुकानाच्या काचेत चष्मे ओळीने मांडले होते, जणू बिनचेहऱ्याची माणसं टक लावून बाहेर बघत होती. दाराला निळी रिबीन. लेक कात्री घेऊन उभी, तिचा नवरा उगाचच पायपुसणं सरळ करत होता. शेजारचे दुकानदार, येणारे-जाणारे, बरीच मंडळी जमली. मास्तर पांढरा शर्ट घालून गर्दीत, अगदी मधोमध उभे राहिले. हातांचं काय करायचं ते त्यांना सुचेना. शेवटी ते पाठीमागे बांधले. क्लॅरिनेट त्यांनी घरी ठेवलं होतं, सूर धरायचं काम ट्रम्पेटवर सोपवलं होतं.

बँड ओळीत उभा राहिला. इस्त्रीवाल्याने ढोलाची काठी उचलली, आणि सवयीप्रमाणे पैसे देणाऱ्याचं तोंड शोधायला गर्दीवरून नजर फिरवली. नजर फिरत राहिली. काठी हवेतच राहिली.

“वाजवा की,” लेकीचा नवरा म्हणाला.

“काय वाजवू?” इस्त्रीवाला म्हणाला.

व्याही पुढे आले. “विचारता काय? आपलं ते टाळ्यांचं.”

“आधी माझी चाल,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. जन्मात त्यांनी हे शब्द उच्चारले नव्हते.

इस्त्रीवाल्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. “मास्तर, पैसे दोघांनीही दिलेले नाहीत.”

“तूच घेतले नाहीस.”

“नाही घेतले, ते खरं. पण दिलेले नाहीत हेही खरंच ना? पाटी तुमच्याच हातची आहे.”

“अहो मग मास्तर म्हणून हुकूम करा आणि मोकळे व्हा,” न्हावी ट्रम्पेटमधली थुंकी झटकत म्हणाला.

“आज मी मास्तर नाही,” मास्तर म्हणाले. “गिऱ्हाईक आहे.”

“गिऱ्हाईक पैसे देतं,” इस्त्रीवाला म्हणाला.

घोडं अडलं ते तिथेच. इतक्या वर्षांत बँडवर ही वेळ आली नव्हती. न्हाव्याने सुचवलं की आपल्याला जे आवडतं ते वाजवू. मग कळलं की प्रत्येकाला वेगळं आवडतं, आणि ते आजवर कुणी कुणाला विचारलेलंच नाही. ओळीतच बाचाबाची सुरू झाली. बघ्यांपैकी एकाने विचारलं, “बँड मुका आहे का?” आपल्या चालीपायी लेकीची पहिली सकाळ फुकट जाणार, हे मास्तरांना आता दिसायला लागलं होतं.

लेकीने कात्री नवऱ्याच्या हातात दिली. ती दुकानाच्या खिडकीकडे गेली, एक काळी चौकट उचलली आणि इस्त्रीवाल्यासमोर येऊन उभी राहिली. त्याचा दोऱ्याचा चष्मा तिने उतरवला आणि नवी चौकट त्याच्या नाकावर बसवली.

“काका, काचा तुमच्या नंबरच्या उद्या घालून देते. पोचले पैसे?”

इस्त्रीवाल्याने रिकाम्या चौकटीला हात लावून पाहिला. “पैसे घेणार नाही म्हणालो होतो,” तो विचार करत म्हणाला. “चष्मा घेणार नाही असं काही म्हणालो नव्हतो. पोचले.”

“मग चाल मी सांगणार.” तिने बापाकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे बोट केलं. “पप्पांचं वाजवा. बाबा, मला आत गिऱ्हाइकं यायला हवी आहेत. तुमच्या चालीवर ती घरी जातील.”

मास्तरांनी मान डोलावली. दुसरं काय करणार? न्याय त्यांचाच होता आणि लेकही त्यांचीच.

ढोलावर काठी पडली आणि धिंगाणा सुरू झाला. व्याही तर पहिल्या ठोक्यालाच सुटले. मागे भाजीची पिशवी घेतलेली एक बाई, दोन दुकानदार, मग जावईसुद्धा कात्रीसकट. रिबीन केव्हा कापली गेली ते कुणी पाहिलं नाही. मास्तर उभे होते तिथेच उभे राहिले. आपला बँड असा वाजतो तर. ढोल त्यांना वाटायचा तेवढा मोठा नव्हता, ट्रम्पेट मात्र जरा जास्तच शहाणं होतं. वाईट वाटायची त्यांची पूर्ण तयारी होती, पण पायाचा अंगठा बुटात ताल धरत होता आणि त्याला कोण समजावणार?

गाणं दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. लोक हसत, धापा टाकत दुकानात शिरले. व्याह्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि शेजारच्या दुकानातून कोणीतरी बाहेर आणलेल्या स्टुलावर बसले. त्यांचं तोंड लाल झालं होतं.

“नाचलात ना?” विहीणबाई म्हणाल्या. “मग जुन्या म्हणीप्रमाणे आता खिशात हात घाला.”

“घालतो, घालतो, आधी श्वास तर घेऊ दे.” व्याह्यांनी पाकीट काढून इस्त्रीवाल्यापुढे धरलं. “हे मात्र घ्यायचं. लेकीचं काम झालं, आता मी रस्त्यावरचा माणूस आहे.”

इस्त्रीवाल्याने चौकटीतून मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. तसा त्याने पैसे घेऊन खिशात ठेवले. “बोला, काय वाजवू?”

न्हाव्याने टाळ्यांच्या गाण्यासाठी ट्रम्पेट ओठांना लावलंसुद्धा.

“ते नको,” व्याही घाईघाईने म्हणाले. “मरेन मी. काहीतरी असं वाजवा की ज्याच्यावर उठावंसंच वाटणार नाही. आहे का तुमच्याकडे?”

बँडवाले एकमेकांकडे बघायला लागले. ट्रॉम्बोनवाला, जो सहसा बोलत नसे, तो म्हणाला, “आहे. अगदी तस्संच आहे.”

आणि मास्तरांची चाल रस्त्यावर आली. गर्दी आता पांगली होती. एक सायकलवाला पाय टेकून थांबला, भाजीच्या पिशवीची बाई भिंतीला टेकली. मास्तरांनी पाठीमागचे हात सोडले. पहिली ओळ त्यांना हवी होती तशीच आली. दुसरीही आली. मधला भाग मात्र लांबला. समोरून ऐकताना तो चांगलाच लांबला, बायको म्हणाली त्यात काही खोटं नव्हतं.

“मधे जरा पाणी घातल्यासारखं झालंय,” ते विहीणबाईंना हळूच म्हणाले.

“ऐकू द्या हो,” विहीणबाई म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांना ते ऐकू आलं. ओळ संपून ट्रम्पेट श्वास घ्यायला थांबलं की मागून ट्रॉम्बोन हळूच काही सूर खाली उतरवत होता, घरी आलेला माणूस दाराशी चपला काढतो तसे. हे सूर मास्तरांनी लिहिले नव्हते. सांगितले नव्हते. कुणी त्यांचे पैसेही दिले नव्हते. पुढच्या ओळीलाही ते आले, त्याच्या पुढच्याही, आणि इतक्या सहज आले की आजच सुचलेले नसणार हे उघड होतं. कितीतरी मंगळवारी ते त्यांच्या पाठीमागे असेच उतरले असतील, आणि त्यांच्या दातांपर्यंत पोचले नसतील.

एरवी कोणी असं केलं असतं तर मास्तरांनी त्याला नंतर खोलीत बोलावून विचारलं असतं की हा आगाऊपणा कोणाच्या हुकमाने. त्यांनी ट्रॉम्बोनवाल्याकडे पाहिलं. तो डोळे मिटून नळी पुढे-मागे सरकवत होता. इथून ट्रम्पेटचा आवाज जरा आड येत होता. मास्तर व्याह्यांच्या स्टुलाला वळसा घालून पलीकडे गेले, ट्रॉम्बोन नीट ऐकू येईल अशा जागी, आणि तिथे उभे राहिले.